पान्यावरचा शिक्का

दिवाळीच्या सुट्टीत मी काकांबरोबर मळ्यात गेलो होतो. पंपाचा नट घट्ट बसला होता. काकांनी बाजारातून नुकताच आणलेला १७ नंबरचा पाना लावला आणि जोर दिला. पान्याचे तोंड फाकले, नट गोल झाला अन् काकांची बोटे पंपावर आपटून सोलली. पान्यावर इंग्रजीत 'मेड इन जर्मनी' असे लिहिले होते! "जर्मनीचा माल असा कसा?" काका म्हणाले. शाळा उघडल्यावर मी गुरुजींना तेच विचारले. गुरुजींनी नकाशा काढला.

जर्मनीच्या पश्चिम भागात वुपर नावाची नदी आहे. मुलूख डोंगराळ. तिथल्या ओढ्यांवर पूर्वी पाणचक्क्या होत्या. त्यांच्यावर लोखंड ठोकणारे मोठे घण व धार लावायचे दगड चालत. त्यामुळे झोलिंगेन हे गाव सुऱ्या-कात्र्यांसाठी आणि रेमशाइड व क्रोनेनबेर्ग ही गावे हत्यारांसाठी नावारूपाला आली. याच भागात १८६२ साली श्टालविले, १८६८ साली हात्सेट, १८८२ साली क्निपेक्स आणि १९१९ साली गेडोरे हे कारखाने निघाले. हेर्मान त्सेर्व्हर या मालकाच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरे जर्मन लोक 'हा' आणि 'त्सेट' अशी म्हणतात. त्यावरून झाले हात्सेट!

आता गंमत ऐका. जर्मन माल पहिल्यापासून नावाजलेला नव्हता. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठे प्रदर्शन भरले. तिथे गेलेले जर्मन तज्ज्ञ फ्रान्त्स रॉयलो यांनी आपल्याच देशाचा माल स्वस्त आणि वाईट आहे, असे लिहिले. झोलिंगेनचे काही कारखानदार तर आपल्या सुऱ्यांवर इंग्लंडमधल्या शेफील्डचे नाव ठोकत. म्हणून १८८७ साली इंग्लंडने कायदा केला. इंग्रजी नाव वा खूण असलेल्या परक्या मालावर तो कुठे बनला ते लिहावे लागे. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का असा सावधगिरीची खूण म्हणून सुरू झाला. जर्मन कारागिरांनी माल सुधारला, आणि तोच शिक्का पुढे मानाचा झाला. मग त्याचीही नक्कल होऊ लागली. आता झोलिंगेनच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे.

चांगला पाना का टिकतो? त्याचे पोलाद साधे नसते. त्यात क्रोमियम व व्हॅनेडियम हे धातू थोडे मिसळतात. पोलाद तापवून साच्यात घणाने ठोकतात. मग पुन्हा तापवून एकदम थंड करतात, म्हणजे ते कठीण होते. पण नुसते कठीण पोलाद काचेसारखे तुटते. म्हणून परत बेताने तापवतात. आपले लोहारदादा विळ्याला पाणी देतात, तीच ही विद्या. हे काम नीट झाले नाही, तर तोंड फाकते किंवा मोडते.

हत्यार घेताना काय पाहावे?
१) पाना नटावर लावून पाहावा. ढिला बसता कामा नये.
२) पक्कड मिटून उजेडाकडे धरावी. धारेतून उजेड दिसू नये. सांधा डुगडुगू नये.
३) विजेच्या कामाला १००० व्होल्टची खूण असलेलीच पक्कड घ्यावी. साध्या प्लॅस्टिकच्या मुठीवर भरवसा ठेवू नये. तिथे जिवाशी गाठ आहे.
४) माहितीच्या दुकानातून पावती घेऊनच घ्यावे. फारच स्वस्त मिळाले तर शंका घ्यावी.
५) कंपनी जर्मन म्हणजे माल जर्मनीतच बनला, असे नाही. वेरा ही जर्मन कंपनी पेचकस चेक देशात बनवते, आणि ते चांगले असतात. म्हणून गाव पाहा, पण कामही पाहा.

काकांची बोटे आता बरी झाली आहेत. तो पाना त्यांनी घराच्या खुंटीला टांगून ठेवला आहे. बाजारात जाताना ते आधी त्याच्याकडे बघतात.

चांगले नाव मिळवायला पिढ्या लागतात. ते चोरायला एक शिक्का पुरतो.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी