प्रकाश व अंधकार, बायबलमधील
ईश्वर आणि मानव यांच्यातील संबंध सूचित करणारे बायबलमधील एक प्रतीकद्वय. ‘जुना करार’ व ‘नवा करार’ या दोहोंत ते आढळते. तथापि त्याचा आशय सर्वत्र एकच नाही.

‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायानुसार प्रकाश पहिल्या दिवशी ईश्वराच्या शब्दाने निर्माण झाला, तर सूर्य व चंद्र चौथ्या दिवशी. प्राचीन पश्चिम आशियात देवता म्हणून पूजिल्या जाणाऱ्या या ज्योतींना येथे केवळ सृष्ट वस्तूंचे स्थान आहे. अंधकाराचा नाश होत नाही. त्याला ‘रात्र’ हे नाव व मर्यादा मिळते. ‘यशया’च्या ४५ व्या अध्यायात इराणचा सम्राट सायरस याला उद्देशून, प्रकाश व अंधकार या दोहोंचा कर्ता एकच ईश्वर असल्याचे सांगितले आहे. परस्परविरोधी अशा दोन समबल तत्त्वांची कल्पना त्यामुळे नाकारली जाते. अंधकार नेहमीच पापसूचकही नसतो : सिनाई पर्वतावर मोझेस ज्या निबिड अंधकाराजवळ जातो, तेथे ईश्वरच असतो.

अंधकाराला दुरिताचा अर्थ येतो तो मुख्यत्वे मानवाच्या निवडीमुळे. ‘ईयोब’च्या २४ व्या अध्यायात खुनी, चोर व व्यभिचारी यांना प्रकाशाविरुद्ध बंड करणारे म्हटले आहे. प्रकाश असूनही ते त्याचा मार्ग टाळतात. अंधकारालाच प्रकाश म्हणणाऱ्यांचा धिक्कार यशयाने केला आहे (अध्याय ५). ‘निर्गम’मध्ये ईश्वराची आज्ञा धुडकावणाऱ्या फेअरोच्या ईजिप्तवर तीन दिवस अंधार पसरतो. ‘यशया’च्या १४ व्या अध्यायातील आकाशातून पडलेला पहाटतारा मुळात बॅबिलनच्या उन्मत्त राजाचे उपहासात्मक रूपक आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरातील ‘ल्यूसिफर’ हा तेथील शब्द पुढे ख्रिस्ती परंपरेत सैतानाचे नाव म्हणून रूढ झाला.

‘योहान’च्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. प्रकाश आला असूनही माणसांनी अंधकार पसंत केला, हाच त्यांचा न्यायनिवाडा होय, असे तेथे प्रतिपादिले आहे. जुडास भोजनावरून उठून बाहेर पडतो, तेव्हा रात्र असते. मृत समुद्राजवळील कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या लेखपटांतही ‘प्रकाशपुत्र’ व ‘अंधकारपुत्र’ असा भेद आहे. मात्र तेथे ईश्वरनियोजनावर, तर योहानात श्रद्धेच्या आवाहनावर विशेष भर दिसतो. ‘प्रकटीकरणा’च्या शेवटी वर्णिलेल्या नगरात रात्र नाही आणि सूर्याची गरजही उरत नाही.