शेतकऱ्याच्या घरी उतरलेला देव

नातू हातोडेवाल्या वीराची चित्रकथा घेऊन बसला, की आजी विचारते, "हा कुठला रे देव?" आजीचा प्रश्न बरोबरच आहे. तो खरोखर देव आहे, आणि मुळात शेतकऱ्यांचा देव आहे.

त्याचे नाव थॉर. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, आइसलँड या युरोपातील थंड मुलखांत ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी लोक त्याला भजत. आपल्या इंद्राच्या हाती वज्र, तसा थॉरच्या हाती हातोडा. वीज, वारा, पाऊस आणि पीकपाणी त्याच्या हाती असल्याचे लोक मानतात, असे अकराव्या शतकात ॲडम ऑफ ब्रेमेन या धर्मगुरूने लिहून ठेवले आहे.

त्याची एक गोष्ट आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन याने सुमारे १२२० साली लिहिली. थॉरचा रथ दोन बोकड ओढीत. एका रात्री तो एका शेतकऱ्याकडे मुक्कामाला उतरला. त्याने आपलेच बोकड कापून शिजवले आणि घरच्यांनाही जेवायला बसवले. अट एकच: हाडे न मोडता कातड्यावर टाकायची. पण शेतकऱ्याच्या पोराने एक नळी फोडून चोखली. सकाळी थॉरने हातोडा उगारताच बोकड उठून उभे राहिले, पण एक लंगडू लागला! देव असा संतापला, की मुलगा आणि मुलगी चाकरीला देऊन बापाला आपली सुटका करून घ्यावी लागली.

शेतकऱ्याला या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगायला नको. खावे, पण बियाण्याला हात लावू नये.

१९६२ साली अमेरिकेत स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक किर्बी यांनी या थॉरला चित्रकथेत आणले. जुन्या गोष्टींतील तांबडी दाढी गेली, सोनेरी केस आले. एका लंगड्या डॉक्टरला नॉर्वेतील गुहेत काठी सापडते; ती आपटली, की तो थॉर होतो. बोकड आणि पीकपाणी मागे पडले, लढाया पुढे आल्या.

मात्र एक गोष्ट नव्याने आली. जो लायक असेल त्यालाच हातोडा उचलतो. जुन्या काव्यात असे बंधन नव्हते. तिथे एक राक्षस तो हातोडा चक्क चोरून नेतो. पुढे १९६८ च्या अंकात उलगडा झाला, की गर्विष्ठ थॉरला नम्रता शिकवण्यासाठी बाप ओडिननेच त्याला लंगडा डॉक्टर करून माणसांत धाडले होते.

तेव्हा मुलाच्या हातातले पुस्तक हिसकावू नका. त्याने हातोडा दाखवला, तर तुम्ही बोकडांची गोष्ट सांगा. मग तो आपल्या इंद्राबद्दल विचारील. त्या वेळी गोवर्धन पर्वताची गोष्ट तयार ठेवा. तीही पावसाची आणि गर्वाचीच आहे.