कानातली गिरणी

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर भाचीचा फोन आला. "मामा, मला हेडसेट घ्यायचाय. आईला किंमत सांगितली तर ती म्हणाली, मामाला विचार." आमच्या घरात 'मामाला विचार' याचा अर्थ 'मामा नाही म्हणेल' असा होतो. एकतीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्जखात्यात. माझ्या कादंबऱ्या लोक विसरतात. मी नामंजूर केलेलं कर्ज मात्र कोणी विसरलेलं नाही.

भाची बारामतीला विमान चालवायला शिकते आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. तिच्या शैक्षणिक कर्जाला जामीन मीच आहे, त्यामुळे त्या खात्यातला प्रत्येक रुपया माझ्या ओळखीचा. तिच्यापुढे दोन पर्याय होते. एक साधा हेडसेट, म्हणजे जाड कानझाकण्या आणि तोंडापुढे मायक्रोफोन. अमेरिकेतल्या डेव्हिड क्लार्क कंपनीचे हिरव्या रंगाचे हेडसेट जगभरच्या छोट्या विमानांत दिसतात, ते या जातीचे. दुसरा, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सने गोंगाट विझवणारा. त्याची किंमत साधारण तिप्पट. मी मनातल्या मनात पहिल्यावर सही करून टाकली होती.

दिवाळीला ती आली ती सीनियर मुलांकडून दोन्ही प्रकारचे हेडसेट मागून घेऊनच. मी लगेच परीक्षा घेतली. स्वयंपाकघरात मिक्सर लावला, त्यात चटणीची डाळ टाकली आणि आळीपाळीने दोन्ही कानांवर चढवले. तिप्पट किमतीचा काही तिप्पट शांत वाटेना. "बघ," मी विजयी मुद्रेने म्हटलं. ती हसली. "मामा, मिक्सर वरच्या पट्टीत किंचाळतो. विमान खर्जात घुमतं. तुम्ही चुकीच्या गवयाची परीक्षा घेतलीत."

मग तिने हिशेब मांडला. तिच्या विमानाला चार सिलिंडरचं एक इंजिन आणि पुढे दोन पात्यांचा पंखा. मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४०. पाती दोन, म्हणून सेकंदाला ८० ठोके. इंजिनाचे स्फोटही प्रत्येक फेऱ्याला दोन, म्हणजे पुन्हा ८०. हा झाला खर्ज. वरच्या पट्टीतला आवाज जाड कानझाकणी चांगला अडवते, पण खर्ज तिला फारसा जुमानत नाही. शेजारच्या मांडवातली गाणी भिंतीतून ऐकू येत नाहीत, पण ढोल येतोच, तसं. नेमक्या या खर्जावर दुसऱ्या हेडसेटचा इलाज आहे. कानझाकणीतला एक बारीक मायक्रोफोन आत शिरलेला आवाज ऐकतो आणि यंत्रणा तत्क्षणी त्याची उलटी लहर सोडते. एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार. जमा आणि नावे सारखे, शिल्लक जवळपास शून्य. बँकवाल्याला यापेक्षा सोपं काय सांगणार?

कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन माणसाला तिचं अमेरिकी पेटंट १९३६ सालीच मिळालं होतं. ती कानांवर आणण्याचं बरंचसं श्रेय अमर बोस यांना जातं. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेऊन अमेरिकेत गेलेल्या एका बंगाली गृहस्थांचे हे चिरंजीव. १९७८ साली झुरिकहून घरी परतताना विमानाच्या घरघरीत संगीत ऐकता येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच आकडेमोड सुरू केली. वैमानिकांसाठी हेडसेट बाजारात यायला १९८९ साल उजाडलं.

"पण साध्यावर चालतं की नाही?" मी कर्जखात्यातला ठेवणीतला प्रश्न काढला. "चालतं," ती म्हणाली, "पण उतरल्यावर रात्रीपर्यंत कानात काहीतरी वाजत राहतं."

त्या वाक्यावर मी मिक्सरचं बटण बंद केलं.

माझे वडील गिरणीत विणकर होते. लालबागच्या चाळीत आम्ही वाढलो. मागाच्या खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असायचा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की बाबा घरीही ओरडूनच बोलतात आणि आपण बोलताना आपल्या ओठांकडे बघतात. कापसाच्या गिरणीत कापूस फुकट, म्हणून सगळे त्याचेच बोळे कानांत घालत. त्याने तंतू अडत असतील, आवाज अडत नाही. बँकेत नेमणूक झाल्याचं मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "जेवून घे." १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. काही महिन्यांनी एका रात्री ते अंथरुणात उठून बसले होते. मी कारण विचारलं. म्हणाले, "गिरणी बंद पडली रे, पण माझ्या कानातली चालूच आहे."

कानाच्या आत केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, याहून जास्त नको. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या चक्रवाढीने शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. छोट्या विमानात आवाज साधारण ९० ते १०० असतो. म्हणजे आजोबांचा माग आणि नातीचं विमान जवळपास एकाच पट्टीत बोलतात. फरक एवढाच, की तिला पर्याय विचारला जातो आहे.

आणि कान हे तिच्या धंद्याचं भांडवल. वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत श्रवणचाचणी असते. शिवाय रेडिओवर नीट ऐकू आलं पाहिजे. गोंगाटात आकड्यांची गल्लत होऊ नये म्हणून जगभरचे वैमानिक थ्रीला 'ट्री', फाइव्हला 'फाइफ' आणि नाइनला 'नायनर' म्हणतात. ट्रंक कॉलवर 'एकोणसाठ' की 'एकोणसत्तर' यावरून अर्धी दुपार घालवलेल्या मला हे समजावून सांगावं लागलं नाही. ऐकू येईना की माणूस रेडिओचा आवाज वाढवतो, आणि गोंगाटावर आणखी गोंगाट चढतो.

मात्र महाग म्हणजे योग्य, असंही नाही. भाचीने दोन्ही हेडसेट घालून प्रत्येकी एकेक तास उड्डाण केलं, आणि पहिल्याच दिवशी महागडा नापास झाला! कारण तिचा चष्मा. जाड काड्यांमुळे कानझाकणीला फट राहत होती आणि फटीतून खर्ज सरळ आत. बारीक तारेच्या काड्यांचा चष्मा केल्यावर तोच हेडसेट पहिल्या नंबराने पास झाला. तेव्हा खरेदीआधी आपल्या डोक्यावर, आपल्या चष्म्यासकट, आपल्याच विमानात तासभर घालून पाहावा. दुकानातली पाच मिनिटं काही सांगत नाहीत. कानशिलावरचा दाब दुखू लागतो तो चाळिसाव्या मिनिटाला. बारामतीच्या उन्हाळ्यात घामाचाही विचार हवा. गाद्यांवर चढवायला सुती खोळी मिळतात. पिना तपासाव्यात. छोट्या विमानाला बहुधा एक जाड आणि एक बारीक अशा दोन लागतात, हेलिकॉप्टरचा हेडसेट एकाच पिनेचा. आणि बॅटरी काढून बघावी. गोंगाट विझवणं थांबलं तरी रेडिओ ऐकू आलाच पाहिजे. गाणी ऐकायचे हेडफोन इथे कामाचे नाहीत. मधला स्वस्त मार्गही आहे, साध्या हेडसेटखाली फोमचे बोळे घालायचे आणि रेडिओ थोडा वाढवायचा. पैसे खरोखरच नसतील तर हा मार्ग वाईट नाही. कापसाच्या बोळ्यांपेक्षा कितीतरी बरा.

शेवटी आम्ही महागडाच घेतला, पण जुना. एका सीनियर मुलाला नोकरी लागली होती, त्याच्याकडून. गाद्या आणि मायक्रोफोनवरची स्पंजाची टोपी नवी घातली. पैसे देताना मी पावती लिहून घेतली, तर तो मुलगा गोंधळला. सवय जात नाही.

आठवड्याभराने भाचीचा फोन आला. संध्याकाळची वेळ होती, मागे कुठेतरी टिटवी ओरडत होती. "मामा, आज उतरले आणि कानात काहीच वाजत नव्हतं. ही टिटवी ऐकू येतेय का तुम्हाला?"

"येतेय," मी म्हटलं. थोडं मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण बायकोने आतून विचारलं, कुणावर ओरडताय?