चासीखालचं मीठ

अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून दरवर्षी सुमारे दोन कोटी टन मीठ टाकतात. तिथल्या गाड्यांची चासी खालून सडते ती या मिठानं. नागपूरजवळच्या वाडीत ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला हे सांगितलं तर तो पान थुंकून म्हणेल, आपल्याकडं कुठं बर्फ आहे भाऊ! बर्फ नाही हे खरंच. समुद्रही शेकडो किलोमीटर लांब. पण नागपुरात एकमेकांना छेदणारे दोन महामार्ग नकाशावर शेवटपर्यंत बोटानं ओढून पाहावेत. ४४ क्रमांकाचा श्रीनगरहून कन्याकुमारीला जातो, ५३ क्रमांकाचा हजिऱ्याहून पारादीपला. चारपैकी तीन टोकं समुद्राला भिडलेली, चौथं बर्फात. अमरावती रोडवरच्या वाडीत किंवा भंडारा रोडवरच्या कापसीत जी गाडी येऊन लागते, तिच्या पोटाला कुठलं कुठलं पाणी लागलेलं असतं.

इथं मीठ रस्त्यावरून कमी आणि मालातून जास्त येतं. देशातलं तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ एकटा गुजरात पिकवतो. त्यातलं बरंचसं रेल्वेनं फिरतं, तरी वॅगनपासून गोदामापर्यंतचा शेवटचा टप्पा ट्रकचाच. पोतं एका कोपऱ्यात फाटलं की खडे हौद्याच्या फळ्यांमधून खाली झिरपतात आणि क्रॉस मेंबरवर जाऊन बसतात. मासळीच्या गाडीतून बर्फाचं खारं पाणी वाटभर ठिबकतं. पण विदर्भात मला सगळ्यात खोडसाळ वाटतं ते खत. पोटॅश म्हणून जे शेतात जातं ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच सख्खा भाऊ. आणि ते हलतं कधी, तर पेरणीच्या तोंडावर. रिकाम्या झालेल्या हौद्यात सांडलेलं खत तसंच राहतं, कारण गाडीला लगेच पुढचं भाडं लागलेलं असतं.

उमरेड, सावनेर, कामठीच्या खाणींमधून कोळसा ओढणाऱ्या टिप्परांची गोष्ट वेगळी. कोळशात गंधक असतं. ओल्या कोळशातून निथळणारं पाणी अनेकदा आम्लधर्मी असतं, आणि ते फाळक्याच्या फटीतून नेमकं मागच्या धुऱ्यावर गळतं. त्यावर पुन्हा कोराडी-खापरखेड्याकडची राख बसली की ओल धरून ठेवणारा लगदा तयार.

तरीही नागपूरच्या गाड्या कोकणातल्या गाड्यांइतक्या लवकर सडत नाहीत. त्याचं श्रेय इथल्या रखरखीत उन्हाळ्याला द्यायला हवं. साधं मीठ हवेतली ओल ओढून पाझरू लागतं ते सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेल्यावर. मे महिन्यात इथली दुपारची हवा त्याच्या आसपासही नसते, त्यामुळे चासीवर सांडलेलं मीठ निपचित पडून राहतं. मृगाच्या सरी आल्या की तेच जागं होतं. मग हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस आणि सप्टेंबरपर्यंतची दमट हवा त्याला पोसते. ज्या गाडीला जूनच्या आधी नीट धुतलं, तिचं अर्धं काम झालं.

सडतं कुठं, हे गाडीखाली झोपून बघावं लागतं. चासीच्या लांब पट्टीचा उघडा भाग सहसा ठणठणीत असतो, कारण त्याला वारा लागतो. घात होतो तो दोन वस्तू एकमेकींवर दाबून बसलेल्या जागी. चासी आणि बॉडी यांच्यामध्ये पूर्वापार लाकडी पट्टी घालून यू-बोल्टनं आवळतात. ती पट्टी पावसाळाभर पाणी धरून ठेवते आणि खालचं लोखंड गुपचूप खाल्लं जातं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या थरांमध्ये तेच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो पाटे एकमेकांपासून फाकवतो, त्यांची घसरण थांबवतो, आणि एक दिवस खड्ड्यात मुख्य पाटा तुटतो. दोष मात्र खड्ड्याला. ब्रेकच्या हवेच्या टाक्या आतून गंजतात. खालचा कॉक रोज सकाळी उघडून पाणी सोडायचं असतं, पण हे किन्नराचं, म्हणजे क्लीनरचं, काम आणि किन्नर झोपलेला.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्यांनी यात नवी भर घातली. धूर स्वच्छ करायला लागणारं डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी. भरताना ते सांडतं, वाळून पांढरे खडे होतात, आणि साध्या पोलादाला ते मानवत नाही. पांढरा डाग दिसला की पाण्यानं धुवून टाकावा.

उपाय म्हणून इथं सर्रास चालतं ते जळक्या ऑइलचा फवारा. गाडी रॅम्पवर चढवायची, प्रेशरनं धुवायची, मग डिझेलमध्ये कालवलेलं काळं ऑइल खालून मारायचं. तेलाचा थर पाण्याला अडवतो, यात खोटं काही नाही. पण त्या ऑइलमध्ये इंजिनातलं आम्ल आणि धातूचा कीस असतो. रबरी बुश त्यानं फुगतात, ब्रेकच्या लायनरला लागलं तर गाडी थांबत नाही, आणि पहिल्याच पावसात निम्मं ऑइल नाल्यात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. माझ्या मते हा फवारा बंदच व्हावा. स्वस्त पडतो म्हणून तो टिकून आहे, एवढंच.

त्याहून बरा मार्ग जुनाच आहे आणि कंटाळवाणाही. मीठ-खत उतरवलं की त्याच दिवशी भरपूर साधं पाणी मारायचं, हौद्यातही आणि खालूनही. गाडी पूर्ण वाळू द्यायची. प्रेशरच्या पाण्यानं शॅकल पिनमधलं ग्रीस निघतं, म्हणून धुलाईनंतर ग्रीसगन फिरवायचीच. सुटलेला गंज तारेच्या ब्रशनं खरवडून, रेड ऑक्साइडचा हात देऊन, वर चासी ब्लॅक. जोडांच्या फटीत मेणाचा पातळ लेप. गंजावरच रंग मारला तर ओल आत कोंडते आणि गंज रंगाखाली निवांत वाढतो. खंडेनवमीला गाडी धुवून हार घालायची रीत आहेच. पाऊस सरल्या सरल्या येणारा हा मुहूर्त खालच्या तपासणीलाही अगदी नेमका पडतो, पण त्या दिवशी पाणी बोनेटवर जास्त आणि चासीवर कमी पडतं.

सरकारी कागद गाडीच्या वयाप्रमाणे कडक होतात. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. त्याहून कडक परीक्षा जुन्या गाड्यांच्या बाजारात होते. मुरलेला गिऱ्हाईक केबिनची झालर, काचेवरची देवाची नावं, नवे टायर यांच्याकडं ढुंकूनही बघत नाही. तो हातोडी घेऊन खाली सरकतो आणि मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपासून ठोकत येतो. ठण्ण वाजलं तर पुढं, भद्द वाजलं तर तिथंच नखानं खरवडून बघतो. आणि बारा वर्षांच्या गाडीची चासी कालच रंगवल्यासारखी काळीकुळीत दिसली, तर हातोडी न मारताच भाव पाडून मागतो.