लघुकाय कुत्र्यांचा संकर व पिल्लांची वंशनोंद

मांडीवर खेळविण्याच्या विलायती कुत्र्यांची हकीकत शेतकी मासिकांत कशास, असा प्रश्न वाचकांच्या मनांत प्रथम येईल. शेतकऱ्याचें कुत्रें म्हणजे खळ्याची व गोठ्याची राखण करणारें. त्याची वंशावळ कोणी विचारीत नाहीं. परंतु ज्यास खिलार, डांगी किंवा देवणी जनावरांची अवलाद राखावयाची आहे, त्यास शुद्ध वंश, संकर आणि नोंदवही या तीन गोष्टींचा विचार करावाच लागतो. गाईच्या तीन पिढ्या पाहावयास दहा-बारा वर्षें जातात. कुत्र्याच्या तितक्याच पिढ्या पांच-सहा वर्षांत होतात, व एका वेतास चार-पांच पिल्लें एकदम तपासावयास मिळतात. म्हणून हा विषय आम्हीं येथें घेतला आहे.

इंग्लंडांत किंग चार्ल्स स्पॅनियल या नांवाची एक लहान, लांब कानांची व रेशमासारख्या केसांची जात आहे. सतराव्या शतकांतील दुसरा चार्ल्स राजा यास अशा कुत्र्यांचा फार नाद होता, त्यावरून हें नांव पडलें. जुन्या चित्रांत या कुत्र्यांचें नाक लांबट दिसतें. पुढें एकोणिसाव्या शतकांत प्रदर्शनांतील बक्षिसांच्या मागें लागून पैदासकारांनीं नाक आखूड व कपाळ घुमटासारखें करून सोडलें. १९२६ सालीं रॉसवेल एल्ड्रिज नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें क्रफ्ट्स येथील प्रदर्शनांत जुन्या घाटाच्या, लांब नाकाच्या उत्तम नरास व उत्तम मादीस प्रत्येकीं २५ पौंडांचें बक्षीस लाविलें. १९२८ सालीं ‘अ‍ॅन्स सन’ या कुत्र्यास नमुना धरून या घाटाचे लक्षण ठरविण्यांत आलें, आणि १९४५ सालीं तेथील केनेल क्लबानें कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही निराळी जात म्हणून मान्य केली. एकाच घराण्याच्या अशा दोन शाखा झाल्या, आणि दोहोंचीं पुस्तकें वेगळीं झालीं.

कॅव्हेलियरचा आरंभ थोड्याच कुत्र्यांपासून झाला, आणि पुस्तक बंद असल्यामुळें बाहेरचें रक्त आलें नाहीं. त्याचें फळ पुढें दिसूं लागलें. या कुत्र्याच्या हृदयाची डावीकडील झडप अकालीं बिघडते. रक्त उलटें परतूं लागतें, व छातीस नळी लावली असतां खरखर ऐकूं येते. पांच वर्षांच्या वयांत सुमारें निम्म्या कुत्र्यांत ही खरखर आढळते, व दहाव्या वर्षीं बहुतेक सर्वांत. दुसरा दोष कवटीचा. कवटीचा मागील भाग मेंदूच्या मानानें तोकडा पडतो, द्रवाचा मार्ग अडतो, व मज्जारज्जूंत पोकळ्या उत्पन्न होतात. असें कुत्रें चालतां चालतां थांबून मानेजवळ हवेंतच खाजवूं लागतें. धन्याच्या मांडीवर बसण्याखेरीज ज्यास दुसरें काम नाहीं, त्यास उचलून घेतलें असतां तें वेदनेनें ओरडतें, ही स्थिति शोचनीय होय.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे या दोन भावकींतील जातींचा पुन्हां संयोग करणें. पिल्लांचें रूप फारसें बिघडत नाहीं, आणि नोंद करणाराही थोडक्यांत समजूत पावतो. परंतु येथेंच फसगत आहे. हृदयाचा व कवटीचा तोच दोष किंग चार्ल्स जातींतही आहे. एखाद्यानें शेजारच्या गांवाहून वळू आणावा, आणि मागाहून तो आपल्याच वळूचा भाऊ निघावा, तसा हा प्रकार. संकर झाला असें पुस्तक म्हणेल. रक्तांत मात्र नवें कांहीं आलें नाहीं.

जवळच्या जातींचा संकर नोंदींत कसा बसवितात, हें बेल्जियमांत पाहावें. ब्रुसेल्सच्या तबेल्यांत उंदीर मारणाऱ्या लहान, राठ केसांच्या कुत्र्यांपासून तेथें तीन जाती झाल्या: तांबडा राठ केसांचा तो ग्रिफॉन ब्रुक्सेल्वा, काळा किंवा काळा-तांबडा राठ केसांचा तो ग्रिफॉन बेल्ज, आणि आखूड गुळगुळीत केसांचा तो पेटी ब्राबांसों. या तिहींचा आपसांत संयोग करण्यास परवानगी आहे, आणि पिल्लाची नोंद त्याच्या केसांवरून व रंगावरून होते. राठ केसांचा गुण प्रबळ आहे. म्हणून दोन राठ केसांच्या आईबापांत गुळगुळीतपणा लपलेला असेल, तर सरासरीनें चार पिल्लांत एक गुळगुळीत निघतें. एकाच वेताचीं भावंडें अशा रीतीनें निरनिराळ्या जातींच्या रकान्यांत जातात. इंग्लंडांत याच तिहींस एक जात मानतात. यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, जातीची सीमा पुष्कळदां कारकुनाच्या लेखणीनें ठरलेली असते. पण या मोकळ्या दारांतूनही भावकीच आंतबाहेर करते. कवटीचा तो दोष या कुत्र्यांतही आढळतो.

दूरचें रक्त आणल्यानें काय होतें, याचें उत्तम उदाहरण लहान जातींबाहेरचें आहे. ठिपक्यांच्या डाल्मेशियन कुत्र्यांत मूतखड्याचें मूळ असलेला एक दोष साऱ्या जातींत भरला होता. निर्दोष कुत्रें जातींत उरलेंच नव्हतें. रॉबर्ट शायबल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७३ सालीं पॉइंटर जातीशीं एकच संकर केला, व पुढें दर पिढीस निर्दोष पिल्लें निवडून तीं पुन्हां डाल्मेशियनशीं लाविलीं. परक्या रक्ताचा अंश निम्मा, चौथा, आठवा, सोळावा असा उतरत पांचव्या पिढीस बत्तिसावा राहतो. निवडलेला गुण मात्र टिकतो. १९८१ सालीं अमेरिकेंत अशा दोन कुत्र्यांची नोंद झाली, पण जातीच्या मंडळानें विरोध केल्यानें काम थांबलें. शेवटीं इंग्लंडांत २०१० सालीं व अमेरिकेंत २०११ सालीं दार उघडलें. मधल्या तीस वर्षांत जी कुत्रीं खड्यानें तळमळलीं, त्यांची नोंद कोणत्याच पुस्तकांत नाहीं.

कॅव्हेलियरचें काम याहून कठीण आहे. मूतखड्याचा दोष एका बीजगुणाचा. हृदयाचा दोष अनेक गुणांच्या मिश्रणाचा. एकदां परकें रक्त घालून नुसतें मूळ जातीकडे परतत गेलें, तर बत्तिसाव्या अंशाबरोबर लाभही जाईल. म्हणून दर पिढीस हृदय व कवटी तपासूनच जोडी निवडली पाहिजे. नॉर्वेंत प्राणिरक्षक संस्थेनें नेलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानें २०२३ सालीं कॅव्हेलियरची कॅव्हेलियरशीं पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरविली, पण शास्त्रीय पायावर योजिलेल्या संकराचा मार्ग मोकळा ठेविला. इंग्लंडांतही आरोग्याच्या कारणास्तव केलेल्या संकराच्या पिल्लांची नोंद अर्ज करून मिळूं शकते. मात्र तो संकर नोंदींत उघड दाखवावा लागतो. हीच पद्धत आम्हांस योग्य वाटते: संकर लपवूं नये, आणि संकर झाला म्हणून पिल्लास बाहेरही टाकूं नये.

आतां आपल्या गोठ्याकडे वळूं. संकर झाला कीं सुधारणा झाली, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. खिलाराचा काटकपणा किंवा डांगीची पावसांतील टिकाऊ शक्ति अविचारी संकरानें एका पिढींत गमावतां येते. परंतु वळू निवडतांना त्याच्या शिंगांची ठेवण व रंग पाहून भागणार नाहीं. त्याचे आईबाप कोण, त्याच्या बहिणी किती वेतें टिकल्या, हें विचारावें. वळूच्या मुली माजावर येण्यापूर्वीं तो बदलावा, व नवा वळू खरोखर दुसऱ्या रक्ताचा आहे कीं नाहीं याची खातरी करून घ्यावी. प्रत्येक कालवडीची व खोंडाची जन्मतारीख, आईबाप, झालेला रोग व मरणाचें कारण एका वहींत लिहावें, आणि संकर असल्यास तोही स्पष्ट लिहावा. शुद्ध नांवाच्या लोभानें लिहिलेली खोटी ओळ विकणाऱ्यास एकदां पैसा देते. घेणाऱ्याच्या गोठ्यांत ती पिढ्यान् पिढ्या चरत राहते.