चिपाडाने फ्लोराईड निघते काय?



"बगॅसच्या कोळशातून पाणी गाळलं की फ्लोराईड जातं म्हणे, मग द्या की एक ट्रॉली!" अशी मागणी शेतकी खात्याकडे अधूनमधून येते. ट्रॉली देणे अवघड नाही. अडचण निराळीच आहे.

फ्लोराईडला ना रंग, ना वास, ना चव. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. दुसरा स्रोत नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. त्यापुढचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की लहान मुलांच्या पक्क्या दातांवर खडूसारखे पांढरे, मग तपकिरी पट्टे उमटतात. प्रमाण फार असेल तर मोठ्यांचे सांधे आणि पाठीचा कणा आखडतो. झालेली इजा औषधाने भरून येत नाही. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या कित्येक गावांना हे ठाऊक आहे.

आता चिपाडाचे पाहू. भाताचे तूस, नारळाची करवंटी, चिंचोके, उसाचे चिपाड यांवर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झाले आहे, आणि ते खोटे नाही. पण पाण्यातल्या फ्लोराईडवर ऋण भार असतो आणि नुसत्या चिपाडाच्या अंगावरही बहुधा ऋणच. दोघे एकमेकांना दूर लोटतात, म्हणून फारच थोडे धरले जाते. चिपाडावर ॲल्युमिनियम, लोह किंवा कॅल्शियम यांच्या क्षारांचा थर बसवला की पकड चांगली येते. म्हणजे खरे काम त्या थराचे. चिपाड ही बसायची जागा.

शिवाय हे प्रयोग बहुतेक शुद्ध पाण्यात फ्लोराईड मिसळून, थोडी आंबट बाजू ठेवून केलेले असतात. आपल्या बोअरचे फ्लोराईडवाले पाणी अल्कधर्मी, त्यात बायकार्बोनेट भरपूर. ते जागा आधीच अडवून बसतात.

खरा धोका पुढेच आहे. कोळशातून गाळलेले पाणी स्वच्छ दिसते, वास जातो, आणि घरातली माणसे निर्धास्त होतात. फ्लोराईड मात्र जिथल्या तिथे! पाणी उकळूनही ते जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते.

तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने बसवून दिली. ती चालते, पण तुरटीचा हिशेब फ्लोराईड आणि पाण्याचा अल्कपणा मोजूनच करावा लागतो. चिमूटभर टाकून भागत नाही, आणि जास्त झाली तर ॲल्युमिनियम पाण्यात उरते. खाली बसलेला गाळ गोठ्यात किंवा विहिरीकडेला ओतू नये. पिण्यापुरते पावसाचे पाणी छपरावरून धरून ठेवता आले तर त्यात फ्लोराईड जवळजवळ नसतेच. जवळची उथळ विहीरही पुष्कळदा बोअरपेक्षा बरी निघते, मात्र तपासल्याशिवाय नाही.

तेव्हा ट्रॉलीआधी बाटली. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून, बोअर थोडा वेळ चालवून मग भरा. काचेची घेऊ नका, काच फ्लोराईड धरते. गाव, गट नंबर, तारीख लिहून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि फ्लोराईड तपासायचे आहे हे आवर्जून सांगा.