संत्र्यांची वाट आणि शेजाऱ्यांचा करार

आंबिया बहाराच्या दिवसांत परतवाड्याहून अमरावतीकडे येणाऱ्या संत्र्यांच्या मालमोटारी वलगावांत आम्हीं पुष्कळदां पाहिल्या आहेत. ह्या फळाचें मोठें गिऱ्हाईक बांगलादेश. तेथील आयात-जकात 2019 सालीं किलोमागें सुमारें 20 रुपये होती, ती 2023 पर्यंत 88 वर गेली आणि वऱ्हाडांत भाव कोसळले. त्या डिसेंबरांत महाराष्ट्र सरकारनें निम्म्या जकातीइतकें अनुदान जाहीर केलें. म्हणजे ढाक्याची जकात, अर्धा भार मुंबईच्या तिजोरीवर!

वस्तुतः दोन्ही देश 2006 पासून अमलांत आलेल्या ‘साफ्टा’ कराराचे सभासद. परंतु त्यांत प्रत्येकास आपापला नाजूक माल सवलतीबाहेर ठेवण्याची मुभा आहे. युरोपांतील सहा राष्ट्रांनीं 1968 सालीं आपसांतली जकात काढून बाहेरच्यांस एकच दर लावला. एकत्र कुटुंबांत चूल एक, तशी ही जकात एक. मात्र कोठीची किल्ली मग एकाच्याच कमरेला राहत नाहीं. ती सोडण्यास आम्ही तरी कोठें सिद्ध आहों? 2019 च्या सप्टेंबरांत आम्हीं कांद्याची निर्यात अकस्मात् बंद केली. पुढल्याच महिन्यांत दिल्लीस आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना हसत म्हणाल्या कीं, आपण स्वयंपाक्यास कांदा न घालण्यास सांगितलें आहे.